गाडीमागची गाडी

वार्षिकाच्या संपादकांनीं शाळा उघडतांच मला गांठलें आणि, "सर, आपण सुटींत अमेरिकेला जाऊन आलां, तेव्हां यंदाचें प्रवासवर्णन आपलेंच," असें बजावून ते निघून गेले. मीं मान डोलावली खरी. पण लिहावयास बसलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, ज्याला प्रवासवर्णन म्हणावें असें माझ्या पदरीं फारच थोडें आहे. नायगारा पाहिला, त्याचें वर्णन माझ्याहून अधिकारी लेखकांनीं करून ठेविलें आहे. एरवीं माझे पांच आठवडे ओहायो राज्यांतील टोलीडो शहरीं थोरल्या चुलतबंधूंच्या घरीं गेले, आणि त्यांपैकीं तीन आठवडे एक जुनी मोटार पसंत करण्यांत गेले. हंसूं नका. त्या मोटारीचीच हकीकत आज सांगणार आहें.

आमचे दादा माझ्याहून सोळा वर्षांनीं वडील. तिकडे एका इस्पितळाच्या औषधालयांत त्यांनीं तीस वर्षें नोकरी केली आणि निवृत्त होतांच एक चाकांवरचें घर विकत घेतलें. तिकडे त्यास आर. व्ही. म्हणतात. शेजारच्या इंडियाना राज्यांतील एल्कहार्ट हें गांव अशा घरांच्या कारखान्यांविषयीं प्रसिद्ध आहे. दादांचें घर अठ्ठावीस फूट लांबीचें. त्यांत चूल, मोरी, शय्या, सर्व कांहीं. आपले जुने मिशनरी हिंवाळ्यांत डेरे आणि बैलगाड्या घेऊन खेडोपाडीं दौऱ्यावर निघत, तसे दादा आणि वहिनी उन्हाळ्यांत निघतात. फरक एवढाच कीं, यांचा डेरा स्वतःच चालतो.

परंतु या डेऱ्यास एक मोठी अडचण आहे. मुक्कामाच्या जागीं तो एकदां उभा केला, पाण्याची नळी आणि विजेची तार जोडली, म्हणजे मग शेरभर दूध आणावयाचें झालें तरी सारें घर उचलून बाजारांत नेणें शक्य नसतें. म्हणून पुष्कळ लोक त्याच्या मागें एक लहान मोटार बांधून ओढीत नेतात. बाजारच्या दिवशीं गाडीच्या मागें बांधलेलें वासरूं तुम्हीं पाहिलें असेल. अगदीं तसेंच तें दृश्य दिसतें. अशा मोटारीला तिकडे गमतीनें 'टोड', म्हणजे बेडूक, म्हणतात. कारण ओढलेली या अर्थाचा इंग्रजी शब्द आणि बेडकाचा शब्द यांचा उच्चार जवळजवळ सारखाच होतो. दुसरें नांव 'डिंगी'. मोठ्या जहाजामागें बांधलेली लहान होडी ती डिंगी. आणि हा शब्द इंग्रजांनीं आपल्याच देशांतून, हिंदी-बंगालींतून, उचलून नेलेला आहे. इंग्रजीचा शिक्षक या नात्यानें मला याचा इतका आनंद झाला कीं, तो मीं दादांना दोनदां सांगितला. दुसऱ्या वेळीं ते म्हणाले, "बाळ, शब्द आपला असेल, पण गिअरबॉक्स माझा जळला."

तो प्रसंग असा. दोन वर्षांपूर्वीं दादांनीं याच कामासाठीं एक छानशी, जवळजवळ नवी मोटार घेतली. विकणारा मोठा गोडबोल्या. "न्यूट्रलमध्यें टाका आणि खुशाल ओढा," असें त्यानें छातीला हात लावून सांगितलें. दादा केंटकीच्या दिशेनें निघाले. तीनशें मैलांच्या आंतच मागून करपल्याचा वास येऊं लागला आणि दुरुस्तीच्या दुकानांत साडेपांच हजार डॉलर मोजावे लागले. मोटारीच्या खणांत तिची पुस्तिका प्लास्टिकच्या वेष्टणांत जशीच्या तशी होती. चारी चाकें जमिनीवर ठेवून ही गाडी केव्हांही ओढूं नये, असें तींत ठळक अक्षरांत छापलेलें होतें. ते पैसे वहिनींच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठीं बाजूला काढलेले होते. शस्त्रक्रिया पुढें गेली. वहिनींनीं याविषयीं अवाक्षरही काढलें नाहीं, आणि तेंच दादांना अधिक लागलें असावें.

म्हणून या खेपेस त्यांनीं मला सांगितलें, "तूं मास्तर आहेस. विकणाऱ्यांचें मी ऐकणार नाहीं. तूं वाच, आणि मग बोल."

मीं वाचलें. सकाळची प्रार्थना आणि न्याहारी आटोपली कीं, संगणकावर मोटारींच्या पुस्तिका उघडून बसावयाचें. त्यांतून जें समजलें तें सांगतों. एंजिन चालू असतांना स्वयंचलित गिअरबॉक्समध्यें एक पंप फिरत असतो व तो दांत्यांना आणि चकत्यांना तेल पुरवितो. हा पंप एंजिनच्या जोरावर चालतो. गाडी ओढली जात असतां एंजिन निजलेलें असतें, म्हणून पंपही निजलेला. परंतु चाकें मात्र जमिनीवर फिरत असतात आणि तीं गिअरबॉक्सचा मागचा भाग फिरवीत राहतात. न्यूट्रलमध्यें टाकल्यानें एंजिनशीं संबंध तुटतो, चाकांशीं तुटत नाहीं. तेलावांचून लोखंड लोखंडावर घांसतें, तापतें आणि जळतें. हातानें गिअर बदलण्याच्या जुन्या पद्धतीच्या गाड्यांत दांते तेलांत बुडूनच फिरतात, म्हणून त्यांतल्या पुष्कळ गाड्या ओढल्या तरी चालतात; पण अमेरिकेंत तशा गाड्या आतां दुर्मिळ झाल्या आहेत. विजेच्या मोटारी तर याहून नाजूक. त्यांच्या चाकांना मोटर कायमची जोडलेली असते. चाक फिरलें कीं तीच वीज निर्माण करूं लागते, आणि म्हणून टेस्लासारखे कारखानदार चाकें जमिनीवर ठेवून ओढण्यास साफ मनाई करतात. (पुढचीं दोन चाकें लहान गाड्यावर उचलून न्यावीं, किंवा सगळी मोटारच एका मोठ्या गाड्यावर चढवावी, असेही मार्ग आहेत. पण मुक्कामावर तो रिकामा गाडा ठेवावा कोठें, आणि त्याचेंच वजन ओढावें कशाला, असा प्रश्न उरतो. दादांना तो व्याप नको होता.)

मग निर्धास्तपणें ओढतां येईल अशी मोटार कोणती? याचें पहिलें उत्तर जीप. आणि येथेंच खरी गुंतागुंत सुरू झाली.

टोलीडो हें जीपचें माहेरघर. १९४१ पासून विलीज कंपनीनें लष्करासाठीं जीप बनविली ती याच शहरांत, आणि जीप रँग्लर आजही तेथेंच तयार होते. दर दहा घरांआड एक जीप दारांत दिसावी, असें तें गांव. पण दादांच्या मनांत जी जीप होती ती टोलीडोची नव्हे; ती आमच्या मिशनच्या इस्पितळाची. माझे चुलते, म्हणजे दादांचे वडील, त्या जीपवर चालक होते. मीं ती पाहिली तेव्हां ती मोडकळीस येऊन चिंचेखालीं उभी होती. पण दादांनीं तिचें राज्य पाहिलेलें. दर गुरुवारीं डॉक्टर, परिचारिका आणि औषधांच्या पेट्या घेऊन काका खेड्यांतल्या दवाखान्याला जात. पावसाळ्यांत काळ्या मातींत एस. टी. रुतावी, गाड्या रुताव्या, पण काका मोठ्या दांड्याशेजारचे आंखूड दांडे ओढून चारी चाकांना जोर देत आणि जीप गुरगुरत बाहेर येई. मुलांना त्या आंखूड दांड्यांना हात लावण्याची सक्त मनाई होती. दादांनीं एकदां लावला आणि काकांच्या हातची चपराक खाल्ली. ती चपराक सांगतांना त्यांच्या डोळ्यांत पाणी येतें.

आतां योगायोग पाहा. जीप ओढतां येते ती त्या आंखूड दांड्यामुळेंच! गिअरबॉक्सचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांना वांटून देणारी जी पेटी असते, तिलाही एक स्वतःचें न्यूट्रल असतें. तो दांडा तेथें आणला कीं, चारी चाकें गिअरबॉक्सपासून मोकळीं होतात. मग गिअरबॉक्स आपल्या जागीं स्वस्थ राहतो आणि चाकें शेंकडों मैल फिरलीं तरी त्यास पत्ता नसतो. हें मीं पुस्तिकेंतून वाचून दाखविलें तेव्हां दादा कितीतरी वेळ कांहींच बोलले नाहींत.

दुसऱ्याच दिवशीं आम्ही तिघेंजण एक रँग्लर चालवून पाहावयास गेलों. तिकडे रँग्लरवाले रस्त्यांत समोरासमोर आले कीं, ओळख असो वा नसो, चाकावरून हात उचलून एकमेकांस सलाम करतात. चार मैलांत दादांना पांच सलाम मिळाले. अशा आनंदांत मीं त्यांना क्वचितच पाहिलें आहे. मागें बसलेल्या वहिनी मात्र चढतांना दोन्ही हातांनीं कडीला लोंबकळल्या होत्या, आणि उतरतांना त्यांनीं माझ्या खांद्याचा आधार घेतला. "कसें वाटलें?" असें दादांनीं विचारलें. "छान आहे," असें त्या म्हणाल्या. भारतीय स्त्रीचें 'छान आहे' किती प्रकारचें असतें हें मी काय सांगूं!

रात्रीं मीं आंकडे मांडले. ते तुम्हींही मांडून पाहा. बेरीज-वजाबाकीपलीकडे त्यांत कांहीं नाहीं. दादांच्या घराच्या पाटीवर लिहिलें होतें कीं, सामानासुद्धां घराचें वजन १४,५०० पौंडांहून अधिक असूं नये, आणि घर व मागची गाडी मिळून २२,००० पौंडांहून अधिक असूं नये. वजाबाकी ७,५०० पौंड. दादा म्हणाले, "मग झालें तर! हत्ती बांध." परंतु घराच्या मागच्या आंकड्यावर निराळीच संख्या ठोकलेली होती, ती ५,००० पौंड, म्हणजे सुमारें २,२७० किलोग्रॅम. दोन मर्यादांत जी लहान तीच खरी. रँग्लर या मर्यादेंत बसत होती.

अडचण होती ती वहिनींच्या गुडघ्याची, आणि तो आंकडा कोणत्याच पाटीवर नव्हता.

माझ्या मतें मध्यम मार्ग ग्रँड चेरोकीचा होता. तीही जीपच, आसन बेताच्या उंचीवर, आंत बसावयास ऐसपैस, आवाज कमी. मीं पुस्तिका उघडली तों त्यांत दोन जाती निघाल्या. नांव एकच, पाठीवरची अक्षरें तींच, दोन्हींत चारी चाकांना जोर; परंतु एका जातींत जोर वांटणाऱ्या पेटीला न्यूट्रलच नाहीं, आणि दुसरींत आहे. ज्या जातींत आहे तिच्या फळीवर एक खोलगट बारीक बटण असतें; तें पेनच्या टोकानें दाबावें लागतें. आम्ही पेन घेऊन चार दुकानें हिंडलों. तीन ठिकाणीं तें बटण नव्हतें. त्यांतल्या एकानें तर, "बटण नसलें म्हणून काय झालें, न्यूट्रलमध्यें टाका आणि ओढा," असें पुन्हां तेंच सांगितलें. दादांनीं माझ्याकडे पाहिलें आणि आम्ही बाहेर पडलों. चौथ्या ठिकाणीं बटण होतें. मीं अत्यानंदानें वजन पाहिलें, तों गाडी रिकामी असतांनाच ५,००० पौंडांच्या अगदीं सीमेवर. तींत खुर्च्या, शेगडी, वहिनींचीं तांदुळाचीं पोतीं टाकलीं कीं मर्यादा ओलांडली. माझें पांडित्य तेथें संपलें.

त्या रात्रीं जेवतांना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही एवढा हिशेब केलांत, एक माझाही करा. वर्षांतले किती दिवस ती गाडी घरामागें बांधलेली असते?"

दादा म्हणाले, "चाळीस. फार तर पन्नास."

"त्यांतही चालण्याचे दिवस पंधरावीसच. मग उरलेल्या तीनशें दिवसांत तींत कोण बसतें? बाजार, मंदिर, तुमची पेन्शनची कामें, माझा व्यायामाचा दवाखाना. दवाखान्याला आठवड्यांतून दोनदां." एवढें बोलून त्या भात वाढूं लागल्या.

विद्यार्थिमित्रहो, तीन आठवडे मीं जो प्रश्न पुस्तिकांतून सोडवीत होतों, तो मुळांत चुकीच्या टोकाकडून मांडलेला होता. 'ओढावयास उत्तम गाडी कोणती?' असें आम्ही विचारीत होतों. विचारावयास हवें होतें तें असें, 'रोज बसावयास चांगली अशी, ओढतांही येईल अशी गाडी कोणती?' प्रश्न फिरवितांच उत्तर लौकर सांपडलें. होंडा कंपनीची सी. आर. व्ही. ही मध्यम आकाराची मोटार; आसन असें कीं, त्यावर ना चढावें लागतें ना वांकावें लागतें; नुसतें टेकावें आणि पाय आंत घ्यावे. वजन साडेतीन हजार पौंडांच्या आसपास. पण येथेंही एक मेख आहे. २०१४ सालापर्यंतची ही गाडी ओढण्यास तिच्या पुस्तिकेची अनुज्ञा आहे. २०१५ पासून गिअरबॉक्सची जात बदलली आणि ती अनुज्ञा गेली. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही गाड्या बहिणी-बहिणी वाटतील. म्हणून आम्हांला अकरा-बारा वर्षांची जुनीच गाडी घेणें भाग होतें. नव्वद हजार मैल चाललेली, एका निवृत्त शिक्षिकेच्या हातची, एक करड्या रंगाची मिळाली. या वेळीं दादांनीं प्रथम खण उघडून पुस्तिका काढली आणि तें पान मला मोठ्यानें वाचावयास लावलें.

ओढण्यापूर्वीं करावयाचा विधि तींत सांगितला आहे, तो असा. एंजिन सुरू करून गिअर पुढच्या चालीवर आणून पांच सेकंद थांबावें. मग न्यूट्रलमध्यें आणून तीन मिनिटें एंजिन चालूं द्यावें, म्हणजे तेल सर्वत्र पोंचतें. नंतर एंजिन बंद करून किल्ली अशा घरावर ठेवावी कीं सुकाणूं मोकळें राहील. वेग तासीं ६५ मैलांहून अधिक नसावा. आठ तासांहून अधिक प्रवास असेल तर विधि पुन्हां करावा. जीपच्या दांड्याच्या मानानें हें जरा सोवळ्याओवळ्यासारखें आहे, अशी दादांनीं कुरकुर केली. तरी तो विधि त्यांनीं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून घराच्या दाराला आंतून चिकटविला.

पुढें गाडीच्या तोंडाला लोखंडी पट्टी बसवून घेतली, तिला ओढदांडा जोडला, दांडा निसटलाच तर गाडी सुटूं नये म्हणून दोन पोलादी दोर, मागच्या दिव्यांसाठीं वायर, आणि ब्रेकच्या पायटीवर बसणारी एक पेटी घेतली. ही पेटी पुढचें घर थांबूं लागलें कीं मागच्या गाडीचा ब्रेक आपोआप दाबते. त्याविषयींचे कायदे राज्याराज्यांत निराळे आहेत. पण कायदा नसला तरी साडेतीन हजार पौंडांचा धक्का पाठीवर कोण घेईल? या सामानावर बराच खर्च झाला. तरी रँग्लरच्या मानानें पुष्कळ पैसे उरले, आणि ते कोठें जावयाचे हें कोणी बोलून दाखविलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं दादांनींच इस्पितळाला फोन करून तारीख मागितली.

माझ्या परतण्यापूर्वीं आम्ही पहिला प्रवास केला तो ईरी सरोवराच्या कांठीं मार्बलहेडपर्यंत. तेथें १८२२ सालापासूनचें दीपगृह आहे. अंतर थोडें, परंतु वाटेंत फजिती व्हावयाची ती झालीच. मागें गाडी बांधलेली असतां पुढचें घर मागें घेतां येत नाहीं. मागच्या गाडीचीं पुढचीं चाकें भलतीकडे वळतात आणि दांडा वांकण्याची भीति असते. हें सर्व मीं वाचलें होतें, दादांना ऐकविलें होतें, आणि तरीही आम्ही पेट्रोलच्या एका अरुंद आवारांत शिरलों कीं जेथून पुढें वाट नव्हती. पाऊस लागलेला. गाडी तिरकी उभी, त्यामुळें दांड्याच्या खिळा ताणून बसलेल्या. त्या निघतां निघेनात. मी आणि दादा चिखलांत गुडघे टेंकून बसलों होतों, आणि वहिनी छत्री घेऊन आम्हांवर धरावी कीं खिळांवर अशा विचारांत उभ्या होत्या. शेवटीं त्या करड्या गाडींत जाऊन बसल्या, एंजिन सुरू केलें आणि गाडी वीतभर पुढें घेतली. ताण सुटला, खिळा हातांत आल्या. "बसावयास सोपी आहे म्हणून हें झालें," एवढेंच त्या म्हणाल्या.

परततांना दादांनीं घर चालविण्याचें माझ्या पुतण्याकडे सोंपविलें आणि स्वतः ती करडी गाडी मोकळी करून चालवूं लागले. मी शेजारीं, वहिनी मागें पाय पसरून. सरोवराच्या बाजूनें एक रँग्लर आली, छत काढलेली, कांच खालीं पाडलेली. दादांचा हात नकळत चाकावरून वर गेला. समोरच्या तरुणानें आमच्या होंडाकडे क्षणभर चमकून पाहिलें, आणि मग हंसून सलाम परत केला.